भांडणाऱ्या सशांना अंघोळ? अजिबात नको

‘नवा ससा आणलाय? भांडले तर दोघांना एकत्र अंघोळ घाला, पाच मिनिटांत दोस्ती.’ हा मेसेज फिरत फिरत आता भाचीच्या फोनवर पोचला. घरातला मोठा ससा आणि नवं पिल्लू यांची जोडी जमवायचे आणखीही सल्ले त्यात होते. बादली भरायच्या आधी तिने विचारलं, हे नशीब.

तर आधी अंघोळच. ओले ससे चिकटून बसतात, पण भीतीने. कुत्रं दिसल्यावर ससा थिजतो तसे. दाट लव लवकर वाळत नाही, अंग गार पडतं. धरून ठेवलेला ससा मागच्या पायांनी उसळी मारतो आणि त्या झटक्यात स्वतःचा कणा मोडून घेऊ शकतो. हे टळलं तरी धसक्याने खाणं सुटतं, आतडी मंदावतात, पोट फुगतं. दहा-बारा तास गवताला तोंड नाही, लेंड्या नाहीत, तर उद्याची वाट बघू नका, डॉक्टर गाठा. ‘गाडीतून फिरवून आणा’ हा त्याच माळेतला मणी.

‘पहिल्याच दिवशी मोठ्याच्या पिंजऱ्यात सोडा.’ अहो, ते त्याचं घर आहे, तो चावणारच! सशाची कातडी पातळ, आणि चाव्यात होणारा पू पनीरसारखा घट्ट. तो आपोआप वाहून जात नाही, कापून काढावा लागतो. पिल्लू आधी दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, खरूज वगैरे असेल तर तेवढ्यात कळते. मग पिंजरे शेजारी, पण मध्ये वीतभर जागा सोडून. नाहीतर गजांतून नाकं चावली जातात. लेंड्या-मुताचे ट्रे रोज एकमेकांत अदलाबदल करून वास ओळखीचा करा. मग दोघांनाही नवी असलेली जागा निवडा. फरशीवर सतरंजी, गवताचे दोन ढीग, दोन्हीकडून उघडा खोका, आणि वेळ पंधरा मिनिटं. शेपूट वर, कान मागे चपटे झाले की मध्ये जाड टॉवेल टाका. हात घालू नका. काही सेकंद चढणं चालतं. पण उलटा होऊन तोंडावर चढला तर लगेच उचला, खालचा थेट गुप्तांगाला चावतो.

‘पिल्लाला मोठा काही करत नाही.’ बरं, अर्धं खरं. तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू बऱ्याचदा खपवून घेतलं जातं. ते वयात आलं की तह मोडतो.

‘नर-मादी असतील तर नसबंदी कशाला?’ ब्रिटनमधली सशांसाठीचीच संस्था, रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड, दोघांचीही नसबंदी करायला सांगते. नर त्यानंतरही सहा आठवड्यांपर्यंत मादीला गाभण करू शकतो. मादी साधारण ३१ दिवसांत विते आणि त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते.

राहिलं ‘दोघांना रोज गाजर’. गोड असतं ते. कधीमधी एखादी चकती पुरे.