नव्या लेन्सला सासुरवास कसा करावा

तर तुम्ही दुसऱ्या कंपनीची झूम लेन्स घेतलीत. अभिनंदन नंतर करू. खोका उघडण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा, की हिच्यात खोट आहे. कुठे आहे ते अजून कळलेलं नाही, एवढंच. कॅमेऱ्यावर एक नाव, लेन्सवर दुसरं, आणि तरीही माउंटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या लेन्स अडकवायच्या खाचेत, ती खट्‌कन बसते! इतक्या सहजपणे जी घरात रुळते तिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला नको?

घराण्याचा विषय निघालाच आहे तर इतिहासात मात्र फार खोल शिरू नका. तिथे आपली बाजू लंगडी आहे. ३५ मिमीच्या स्थिरचित्रण कॅमेऱ्यासाठी बाजारात आलेली पहिली झूम लेन्स १९५९ सालची, ३६-८२ मिमी, एफ/२.८ (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं), नाव झूमार. विकली गेली फोकटलेंडर या कॅमेरा-कंपनीच्या नावाने. पण रचना फ्रँक बॅक या गृहस्थांची आणि बनवली किलफिटच्या कारखान्यात. म्हणजे झूम नावाची सूनच मुळात बाहेरून आलेली. बाहेरच्या लेन्स बनवणाऱ्या कंपन्यांपैकी टॅमरॉनचं मूळ १९५० सालचं, सिग्मा १९६१ ची. कॅननचा ईएफ माउंट आला १९८७ साली, आरएफ २०१८ साली. कोण कोणाच्या घरी नांदायला आलं, याचा हिशेब यात उलटाच निघतो. २०१३ मध्ये सिग्माने १८-३५ मिमीची सबंध पल्ल्यात एफ/१.८ राहणारी झूम आणली, तेव्हा लहान सेन्सरच्या (म्हणजे चित्र टिपणारी चिप लहान असलेल्या) एसएलआर कॅमेऱ्यांसाठी तशी लेन्स एकाही घरंदाज कंपनीकडे नव्हती. असले दाखले कोणी दिले तर म्हणा, ‘हो, पण रंग वेगळे येतात.’ याला उत्तर नसतं.

संशयाला एक खरा आधार आहे, तो उगाच वाया घालवू नका. बाहेरच्या कंपन्यांना कॅमेरा आणि लेन्स यांच्यातली भाषा कित्येकदा कोणी शिकवलेली नसते. कान देऊन, अंदाज बांधून ती शिकावी लागते. मग कॅमेऱ्याची पुढची पिढी एखादा नवा शब्द वापरते आणि जुनी लेन्स गोंधळून गप्प बसते. काही जुन्या सिग्मा लेन्स कॅननच्या नंतरच्या कॅमेऱ्यांवर अशाच अडकल्या होत्या, आतली चिप बदलून घ्यावी लागली होती. सोनीने ई माउंटचा मूलभूत तपशील २०११ मध्ये इतर उत्पादकांसाठी खुला केला. कॅननने आरएफचं दार बराच काळ लावून ठेवलं आणि २०२४ मध्ये सिग्मा-टॅमरॉनला लहान सेन्सरच्या लेन्सपुरतं परवान्याने किलकिलं केलं. तेव्हा आपल्या नेमक्या कॅमेऱ्यावर ही लेन्स चालते का, तिच्यासाठी नवं फर्मवेअर, म्हणजे तिच्या चिपमधली आज्ञावली, आलंय का, हे विकत घेण्याआधी पाहता येतं. तुम्ही पाहू नका. अर्ध्या तक्रारी फर्मवेअरनेच मिटतात. मग बोलायचं कशाबद्दल?

आता परीक्षा. तिच्यासाठी भिंत लागते, आणि भिंत विटांचीच हवी. लेन्स झाडं, माणसं, ढग, पाणी यांच्यासाठी घेतली असली तरी तिची पात्रता विटांवरच ठरते. भिंतीपासून दोनेक मीटरवर उभे राहा. ट्रायपॉड माळ्यावर आहे, तो काढायला स्टूल लागतं, म्हणून हातानेच काढा. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाशाचं छिद्र, पूर्ण उघडं. कॅमेरा भिंतीला समांतर आहे की नाही ते डोळ्यांनी ठरवा, डोळा आपला चांगला आहे. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ५० मिमीला एवढ्या अंतरावरून साधारण १.४ मीटर रुंदीची भिंत फ्रेममध्ये येते. कॅमेरा चारच अंश तिरका असला, तर एक टोक दुसऱ्यापेक्षा कॅमेऱ्याच्या रोखाने दहा सेंटीमीटर मागे जातं. उघड्या अॅपर्चरवर तेवढं पुरतं. एक बाजू धारदार, दुसरी मऊ. सापडली खोट! लेन्समधली भिंगं केंद्रातून सरकलेली आहेत, असं जाहीर करायला हरकत नाही.

लक्षात घ्या, भिंगं खरंच सरकलेली असू शकतात. झूममध्ये काचांचे गट पुढेमागे धावतात, एखादा किंचित कलून बसला की फ्रेमची एक बाजू कायमची मऊ पडते, आणि हे घरंदाज लेन्सलाही होतं. म्हणूनच खरं-खोटं ठरवणारी एक सोपी चाचणी आहे, जिच्यापासून तुम्ही कटाक्षाने लांब राहा. कॅमेरा घट्ट बसवायचा, एक फोटो काढायचा. मग कॅमेरा उलटा करून तीच भिंत पुन्हा टिपायची. मऊपणा भिंतीच्या त्याच विटांवर राहिला तर तिरके तुम्ही. कॅमेऱ्याबरोबर भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेला तर दोष लेन्सचा. पाच मिनिटांत निकाल. पाच मिनिटांत संपणारा सासुरवास हा काय सासुरवास झाला?

त्यानंतर दुसरं टोक गाठा. अॅपर्चर एफ/२२ वर न्या, ‘जास्तीत जास्त खोली’ म्हणून. फोटो सगळीकडून सारखाच मवाळ येईल. हिरवा प्रकाश इतक्या लहान छिद्रातून जाताना पसरतो आणि त्याच्या ठिपक्याचा व्यास सेन्सरवर सुमारे ३० मायक्रॉन होतो. २४ मेगापिक्सेलच्या पूर्ण आकाराच्या सेन्सरचा एक पिक्सेल असतो साधारण ६ मायक्रॉनचा. हे जगातल्या कुठल्याही काचेला चुकलेलं नाही. पण प्रकाशाच्या तरंगांवर ठपका ठेवून मनाला समाधान मिळत नाही, आणि लेन्स समोरच आहे. मधलं एफ/५.६ किंवा एफ/८ वापरून पाहू नका. तिथे बहुतेक झूम बऱ्या वागतात आणि तुमची गैरसोय होते.

लांब टोकाला, म्हणजे ३०० मिमीला, शटर सेकंदाच्या १/६० वर ठेवा. फिल्मच्या काळापासून सांगतात की शटर निदान १/३०० हवं, नाहीतर हाताचा कंप फोटोत उतरतो; पण तुमचा हात स्थिर आहे, दाढी करताना कधी कापत नाही. हाताचा कंप सावरणाऱ्या स्थिरीकरणाचं बटण चालू होतं का, असं कोणी विचारलं तर म्हणा, ‘हिच्यात आयएस नाही, काहीतरी व्हीसी आहे.’ गोष्ट तीच. कॅनन तिला आयएस म्हणते, निकॉन व्हीआर, सोनी ओएसएस, सिग्मा ओएस, टॅमरॉन व्हीसी. पण नाव वेगळं म्हटल्यावर थोडी भेसळ आलीच की नाही? अखेर ट्रायपॉड उतरवलात, तर मात्र हे बटण आठवणीने चालू ठेवा. काही जुन्या रचना ट्रायपॉडवर नसलेला कंप शोधू लागतात आणि तो स्वतःच तयार करतात. आयता पुरावा.

फोकस पुढे-मागे जातो, ही तक्रार तर जिभेवर तयारच ठेवा. आरशाच्या एसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असे, त्याचं आणि लेन्सचं किंचित बिनसलं की डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येत, आणि त्यावर इलाज म्हणून बऱ्याच कॅमेऱ्यांत बारीक दुरुस्तीची सोय होती. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यात फोकस मुख्य सेन्सरवरच मोजतात, त्यामुळे तो जुना आजार जवळजवळ गेला. तुमचा मिररलेसच असेल, हरकत नाही. आजार भारदस्त आहे, सांगायला शोभतो.

मग फोटो संगणकावर घ्या आणि शंभर टक्के मोठे करा. हा भाग मी स्वतः मोठ्या श्रद्धेने करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद. साध्या २४ इंची, १९२० बाय १०८० च्या पडद्यावर त्याचा जेमतेम बारावा हिस्सा मावतो. सबंध फोटो तेवढ्याच आकारात मांडायचा तर पडदा पाच फुटांहून रुंद लागेल. म्हणजे पाच फुटी चित्रासमोर वीतभर अंतरावर नाक टेकून आपण म्हणतो, ‘डावा खालचा कोपरा बघ.’ त्या कोपऱ्यात अर्धी वीट आहे. छापताना ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, हाच फोटो २० इंच रुंद होतो, आणि हातभर अंतरावरून तो कोपरा कोणीच बघत नाही. पण आपण फोटो छापत कुठे असतो?

पुढची पायरी तुलनेची. कॅमेऱ्याबरोबर आलेली घरची लेन्स लावून तीच भिंत टिपा. रेषा कशा सरळ, कोपरे कसे उजळ! बाहेरच्या लेन्सच्या विटा रुंद टोकाला पोट फुगवून उभ्या, कोपऱ्यांत अंधार. यामागे एक घरगुती गुपित आहे. घरची लेन्स ओळखून कॅमेरा जेपीईजी बनवताना तिच्या रेषा सरळ करतो, कोपरे उजळतो, कडांची जांभळी झाक पुसतो. बाहेरचीला हे कोडकौतुक दर वेळी मिळतंच असं नाही. दोन्हींच्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न सजवलेल्या, फाइल घेऊन दुरुस्त्या बंद केल्या तर घरच्या लेन्सचंही पोट दिसतं. पण लेकीचं पोट सासूने कधी मोजलंय? तिच्या काळवंडलेल्या कोपऱ्यांना ‘मूड’ म्हणायचं. हिच्या कोपऱ्यांना व्हिग्नेटिंग.

झूमची रिंग उलटी फिरते, हेही उणं म्हणून नोंदवा. कॅनन आणि निकॉन यांच्या रिंगा एकमेकींच्या उलट फिरतात, तेव्हा बाहेरच्या कंपनीने कोणाचीही दिशा धरली तरी कोणाचा ना कोणाचा हात चुकणारच. आत धुळीचा कण दिसतोय म्हणता? टॉर्च मारा, आणखी सापडतील. फोटोत ते उमटत नाहीत, पण टॉर्चच्या उजेडात काय दिसतात!

आता लेन्स बदलून घ्या. दुसरी आली की तीच भिंत, तोच तिरका हात. दुसरीची उजवी बाजू मऊ निघेल, कारण या वेळी तुम्ही डाव्या पायावर भार दिला होता. तिसरीत मधला भाग मऊ, कोपरे बरे. ही तर फारच गूढ केस. तिसरीपर्यंत विटांशी चांगली ओळख होते. खालून चौथ्या ओळीतली तुटकी वीट मला आता झोपेतही दिसते.

या काळात बाहेर सुंदर संध्याकाळी होऊन जातील. घरात एखादं मूल पहिल्यांदा उभं राहील. त्या वेळी फोनने फोटो काढा. लेन्सचं अजून काही ठरलेलं नाही.

शेवटी कंटाळून ती विकायला काढाल तेव्हा मजकूर प्रामाणिक लिहा: ‘अगदी कमी वापर, कधीही घराबाहेर नेलेली नाही, काच निर्मळ.’ तासाभरात कोणीतरी विचारेल, ‘हिने काढलेला एखादा फोटो पाठवता का?’ तुम्ही फोल्डर उघडाल. चारशे बारा फोटो. धीर करून त्यातल्या त्यात बरी भिंत पाठवाल. थोड्या वेळाने त्याचं उत्तर येईल, ‘डावा खालचा कोपरा जरा मोठा करून दाखवता का?’