मोडकी पेन्सिल आणि मोठी कात्री

कुठे युद्ध पेटलं की एक पोस्ट हमखास फिरते. मजकूर साधारण असा: पत्रकारांची मुस्कटदाबी म्हटली की व्यंगचित्रकारांना मोडकी पेन्सिल नाहीतर तोंडावरची पट्टी, याखेरीज काही सुचत नाही, तसाही हा प्रकार हुकूमशाहीतच चालतो, आणि चित्राला भीक घालतं कोण?

पहिला आक्षेप मला अर्धा मान्य आहे. मोडक्या पेन्सिलींचा मलाही वीट आलाय. पट्टी बांधलेल्या पत्रकाराची कीव येते, पण बांधली कुणी ते कळत नाही. मुरलेला व्यंगचित्रकार तो बांधणारा हात काढतो. आंद्रे जिलने 1874 मध्ये फ्रान्सची सेन्सॉरशिप चितारली ती चष्मेवाली खडूस म्हातारी म्हणून. काखेत अवाढव्य कात्री, सोबतीला घुबड, नाव मादाम आनास्तासी. पहिल्या महायुद्धात फ्रेंच वर्तमानपत्रं, मजकूर कापल्याने पडलेल्या कोऱ्या जागांसकट छापली जाऊ लागली, तेव्हा हीच बाई पुन्हा चित्रांत अवतरली. ओळख करून द्यायची गरजच नव्हती, कात्री दिसली की पुरे.

'हुकूमशाहीतच' म्हणणाऱ्यांना रशिया पाठ असतो: मार्च 2022 चा कायदा, लष्कराविषयी 'खोटी माहिती' पसरवली तर 15 वर्षांपर्यंत कैद. बरोबरच आहे. पण मार्च 1942 चं लंडनही बघा. 'डेली मिरर'मध्ये फिलिप झेकचं चित्र आलं. काळाकुट्ट समुद्र, जहाज बुडालेलं, एकटा खलाशी तराफ्याला चिकटून पडलाय. खाली ओळ एवढीच की पेट्रोल एका पेनीने महागलं, अधिकृत बातमी. झेकचं म्हणणं, पेट्रोल जपून वापरा, ते आणताना माणसं मरतायत. चर्चिल सरकारला मात्र त्यात नफेखोरीचा आरोप दिसला. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी पेपर बंद करण्याची तंबी दिली, आणि ती पोकळ नव्हती: 'डेली वर्कर' या कम्युनिस्ट दैनिकाला त्यांनी जानेवारी 1941 मध्येच टाळं लावलं होतं. अमेरिकेनेही 1918 मध्ये 'द मासेस' या युद्धविरोधी मासिकाच्या संपादक-चित्रकारांना हेरगिरीविरोधी कायद्याखाली दोनदा कोर्टात खेचलं. दोन्ही खटल्यांत ज्युरींचं एकमत झालं नाही, म्हणून ते सुटले.

आता भीक घालण्याचं. ऑगस्ट 2011, सीरियात उठाव पेटलेला. दमास्कसमध्ये तोंडं झाकलेल्या माणसांनी व्यंगचित्रकार अली फरझातला उचललं आणि मारलं ते नेमकं हातांवर.

पॅलेस्टिनी नाजी अल-अलीचं एक चित्र तर मी विसरूच शकत नाही. एक जण लेखकाला म्हणतो, लोकशाहीवरचा तुझा आजचा लेख फार आवडला, उद्यासाठी काय लिहितोयस? तो सांगतो, मृत्युपत्र. यात पेन्सिल मोडलेली नाही, लिहिणं चालूच आहे. खुद्द अल-अलीवर 22 जुलै 1987 ला लंडनमध्ये, तो ज्या वर्तमानपत्रासाठी चित्रं काढायचा त्याच्या कचेरीबाहेर गोळी झाडली गेली. पाच आठवड्यांनी तो गेला. गोळी झाडायला कुणी सांगितलं, ते अजून शाबीत झालेलं नाही.