बुरशी म्हणजे पेनिसिलीन नव्हे, मावशी

"घरच्या जॅमवर बुरशी आली तर घाबरू नका, ती शुद्धतेची खूण आहे! वरचे दोन चमचे काढून टाका, खालचा जॅम खुशाल खा. बुरशीतूनच पेनिसिलीन निघते, प्रतिकारशक्ती वाढते." असा एक मेसेज फोनवर फिरतोय. त्याखाली टिपा: साखर निम्मी घाला, वर तुपाचा थर द्या, एक ॲस्पिरिन कुटून टाका, फ्रीजबाहेर वर्षभर टिकेल. आणि शेवटी अर्थातच, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.

पोहोचलं. सोसायटीच्या ग्रुपवरून भजनी मंडळात आणि तिथून कोथरूडच्या माझ्या मावशीकडे. तिने फेब्रुवारीत महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा जॅम केला होता. पावसाळा लागल्यावर त्यावर राखाडी लव दिसली. एरवी एका पानावर अळी दिसली तर मेथीची अख्खी जुडी फेकणारी ही बाई, वरचा थर खरवडून उरलेला जॅम नातवाच्या पोळीला लावून मोकळी झाली. विचारलं तर म्हणे, "अगं, पेनिसिलीनच असतं ते."

तर आधी पेनिसिलीनच बघू, कारण अख्खा मेसेज त्याच्या जिवावर उभा आहे. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंगला काचेच्या बशीत बुरशीच्या आसपासचे जंतू मेलेले दिसले, हे खरं. पण ती एका ठरावीक जातीची बुरशी होती. हवेत नाना जातींचे बीजाणू तरंगत असतात, त्यातला तुमच्या बाटलीत कोण उतरला हे डोळ्यांनी कळत नाही. आणि समजा पेनिसिलियम कुळातलीच निघाली, तरी त्या कुळातली प्रत्येक बुरशी पेनिसिलीन देत नाही. सफरचंद सडवणारी पेनिसिलियम एक्सपान्सम त्याच घराण्यातली. ती पॅट्युलिन नावाचं विष तयार करते. सफरचंदाच्या रसात ते किलोमागे ५० मायक्रोग्रॅमच्या वर असता कामा नये, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे.

शिवाय बुरशीत पेनिसिलीन असतं तरी किती? फ्लेमिंगनंतर ते वेगळं काढून वापरण्याजोगं करायला ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांच्या चमूला १९४० उजाडलं. १९४१ मध्ये एका पोलिसाला ते टोचलं. त्यांनी भांडी भरभरून बुरशी वाढवली होती, तरी साठा इतका तुटपुंजा की त्या पोलिसाच्या लघवीतून औषध परत काढून पुन्हा त्यालाच द्यावं लागलं. बरा व्हायला लागला होता बिचारा, पण साठा संपला आणि तो गेला. आणि इथे रुपयाएवढ्या डागातून नातवाची प्रतिकारशक्ती वाढणार!

इतर कुणी बोललं तर एकवेळ समजू, पण पुण्याच्या माणसाने तरी हे पुढे ढकलू नये. पिंपरीची एच.ए. कंपनी, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिली ती पेनिसिलीन बनवायलाच. पारखून घेतलेलं वाण, निर्जंतुक टाक्या, मग गाळणं, शुद्ध करणं, मोजून कुपीत भरणं. शिळ्या पावावरच्या बुरशीने भागत असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता? बरं, ते औषध आहे, टॉनिक नव्हे. काहींना त्याची जिवावर बेतणारी ॲलर्जी असते, म्हणून तर डॉक्टर देण्याआधी विचारतात. पोळीला लावताना कुणी विचारलं होतं का?

आता खरवडण्याबद्दल. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नसुरक्षा विभागाचा एक तक्ता आहे, कोणत्या पदार्थाला बुरशी लागली तर काय करायचं, याचा. त्यात जॅम-जेलीपुढे सरळ लिहिलंय: टाकून द्या. बुरशी विष तयार करत असण्याची शक्यता असते, म्हणून तेवढीच काढून खालचं खाऊ नका असं सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सांगतात, हे कारणही तिथेच दिलंय. खरवडायची कल्पना आली कुठून, तेही त्याच तक्त्यात सापडतं. कडक चीज, गाजर, कोबी अशा घट्ट पदार्थांना मात्र डागाच्या भोवतीचा आणि खालचा निदान एक इंच भाग कापून उरलेलं वापरायची मुभा आहे. घट्ट पदार्थात बुरशीचे तंतू सहज आत शिरत नाहीत. जॅममध्ये शिरतात. वर दिसतो तो फक्त फुलोरा. "मग परत उकळून घेते," हा मावशीचा पुढचा मुद्दा. उकळल्याने बुरशी मरेल, पण तिने सोडलेलं विष मरत नाही. पॅट्युलिन तर आंबट पदार्थात उष्णतेला चांगलंच तग धरतं.

शुद्धतेची खूण वगैरे सोडून द्या. बुरशी आली याचा अर्थ तिला पाणी आणि हवा मिळाली, एवढाच. विकतच्या जॅममध्येही ओला चमचा घालून बाटली ओट्यावर ठेवून बघा, तिथेही हजर होईल.

वर्षभर टिकतो, याला मात्र नाइलाजाने अर्धं हो म्हणावं लागतं. आपल्या आज्यांचा साखरांबा, मोरंबा फ्रीजशिवाय वर्ष काढायचा, हे कुणी नाकारत नाही. पण कैरीच्या किसाला दीडपट, कुणाकडे दुप्पट साखर असायची. कैरीचा आंबटपणा, पक्का पाक, उन्हात खडखडीत वाळवलेली बरणी, वर बांधलेला दादरा, आणि ओला चमचा घातलात तर आजीचा हात पाठीत. आता मेसेज काय म्हणतो? साखर निम्मी करा आणि वर्षभर टिकवा. साखर तिथे नुसती गोडीला नसते, ती फळातलं पाणी बांधून ठेवते, बुरशीला मिळू देत नाही. आपल्याकडच्या सरकारी मानकानुसार जॅममध्ये विरघळलेला घन भाग, म्हणजे मुख्यतः साखर, वजनाने किमान ६५ टक्के हवा. कमी साखरेचा जॅम करायला हरकत काहीच नाही. छोट्या बाटल्यांत भरा, फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन आठवड्यांत संपवा. फक्त त्याला वर्षाची हमी देऊ नका.

किती आटवायचं, यावरही थोडं. पाककृतींत लिहितात की १०५ अंशांपर्यंत आटवा. ते समुद्रसपाटीचं गणित. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर, इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. पाण्याच्या उकळबिंदूच्या साडेचार अंश वर जॅम तयार, म्हणजे आपल्याकडे १०२ ते १०३. १०५ ची वाट बघाल तर चिक्की होईल. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात धरून बघावा, म्हणजे त्याचीही परीक्षा होते.

मावशीच्या बाटलीत बुरशी का आली, तेही सांगते. तिने जॅम कोमट झाल्यावर भरला आणि लगेच झाकण लावलं. वाफ झाकणाला आतून धरली, थेंब खाली पडले, तेवढ्या वरच्या पापुद्र्यातली साखर पातळ झाली. बुरशीला तेवढं पुरतं. जॅम कढत असतानाच, उकळून घेतलेल्या बाटलीत, वर अगदी थोडी जागा सोडून भरावा. काठ पुसावा, नवं झाकण लावावं. मग मोठ्या पातेल्यात तळाशी फडकं घालून, झाकणावर इंचभर पाणी येईल अशी बाटली १० मिनिटं उकळावी. सखल गावांना ५ मिनिटं पुरतात, पुण्याच्या उंचीला १०. बाटली एकदा उघडली की मग फ्रीज, दुसरं काही नाही.

तुपाचा थर? गार झाला की आक्रसतो, काचेपासून सुटतो, आणि पहिल्या चमच्याला फुटतो. अमेरिकेत पूर्वी असाच मेणाचा थर द्यायचे, आता तिथलेच तज्ज्ञ देऊ नका म्हणतात.

राहिली ॲस्पिरिन. हे अगदीच हवेतलं नाही, तिची बहीण सॅलिसिलिक ॲसिड एकेकाळी खाद्यपदार्थ टिकवायला खरंच वापरत. पुढे ते धोक्याचं म्हणून बंद केलं. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना ॲस्पिरिन दिली तर यकृत आणि मेंदूवर हल्ला करणारा रेज सिंड्रोम होऊ शकतो, म्हणून डॉक्टर मुलांच्या तापात ती देत नाहीत. आणि हा मेसेज ती कुटून मुलांच्या डब्यात घालायला सांगतोय.