शिसं वितळवून काचेवर ओतू नका, विस्प्यान्स्कीनेही कधी ओतलं नव्हतं

'पोलंडचा जादूगार चित्रकार' नावाचं एक फॉरवर्ड सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतंय. त्यात स्तानिस्वाव विस्प्यान्स्कीबद्दल लिहिलंय की रंगीत काचांच्या खिडक्या करताना तो काचेवर वितळलेलं शिसं ओतून रेषा काढायचा आणि मधल्या जागेत ब्रशने रंग भरायचा. हाडांच्या राजाची त्याची खिडकी शंभर वर्षं पोलंडमधल्या क्राकूफ शहराच्या वावेल कॅथेड्रलमध्ये आहे, स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूरच्या खिडक्याही त्याच्याच, आणि शेवटी शिशाच्या विषानेच तो गेला, असंही त्यात आहे. खाली 'घरी करून बघा' म्हणून गॅसवर शिसं वितळवायची कृती! आठवीतली भाची ती वाचून भंगारवाल्याकडून शिसं आणायला निघाली होती, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

आधी ती कृतीच घेऊ. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. ते थंड काचेवर पडलं की काच तडकते. नाही तडकली तरी शिसं काचेला चिकटत नाही, थंड होताना आकसतं आणि सुटून येतं. भांड्यात पाण्याचा थेंब राहिला असेल तर त्याची क्षणात वाफ होते आणि तापलेलं शिसं तोंडावर उडतं. वर येणारी राखाडी साय खरवडली की तिची धूळ ओट्यावर, हातावर, तिथून पोळीवर. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कुठलीही पातळी माहीत नाही, हे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. 'जरा खिडकी उघडी ठेवा' एवढ्यावर हे भागत नाही.

खऱ्या कामात शिसं ओततच नाहीत. त्याच्या तयार पट्ट्या असतात. पट्टी आडवी कापून पाहिली तर इंग्रजी एच अक्षर दिसतं: दोन बाजूंना खाचा, मधे बारीक कणा. आधी ती दोन्ही टोकांनी ताणून सरळ करतात, मग काचेचे तुकडे थंडच खाचांत बसवतात. जिथे दोन पट्ट्या भेटतात तेवढ्याच सांध्यावर कथिल-शिशाचा डाग देतात. मग खडूची पूड आणि जवसाचं तेल यांची लांबी (पुट्टी) खाचांत दाबून भरतात, नाहीतर वाऱ्याने खिडकी खडखडते आणि पाणी आत येतं. नवखा माणूस नेमका चुकतो तो कण्यापाशी. कणा दीड-दोन मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे कागदी नमुने कापतानाच प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये तेवढी फट सोडावी लागते. त्यासाठी मधली पट्टी कापून टाकणारी खास कात्री असते. फट सोडली नाही तर दहा तुकड्यांच्या ओळीत काम दीड-दोन सेंटीमीटर वाढतं आणि चौकटीत बसत नाही.

'मधे रंग भरायचा' यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य. काचेवर रंगकाम होतं. पण लाल, निळा, हिरवा हे रंग काच बनतानाच तिच्यात असतात. वरून लावतात तो बहुधा काळा-तपकिरी रंग: काचेची बारीक पूड, लोह किंवा तांब्याचं ऑक्साइड आणि बाभळीचा डिंक. त्याने चेहऱ्याच्या रेषा आणि छाया काढतात आणि साधारण ६००-६५० अंशांवर भट्टीत भाजतात. पिवळ्यासाठी काचेच्या मागच्या बाजूला चांदीचं संयुग लावतात. बाजारातल्या बाटलीतला 'ग्लास कलर' हा वेगळाच प्रकार आहे, उन्हात तो टिकत नाही.

मुख्य म्हणजे ही कामं विस्प्यान्स्की स्वतःच्या हाताने करत नव्हता. तो पूर्ण आकाराचा आराखडा काढायचा, तोही पेस्टलने. क्राकूफच्या फ्रान्सिस्कन चर्चमधली 'देवपिता' ही त्याची सर्वांत प्रसिद्ध खिडकी इन्सब्रुकच्या कार्यशाळेत बनली आणि १९०४ साली बसली. आराखडा क्राकूफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो पाहिला की शिसं ओतण्याची गोष्ट एका क्षणात संपते: शिशाच्या रेषा त्यात आधीच विचारपूर्वक आखलेल्या आहेत.

हाडांचा राजा म्हणजे पोलंडचा राजा काझिमिएश महान. १८६९ साली वावेलमध्ये त्याचं थडगं उघडलं गेलं, अवशेषांची चित्रं पोलिश चित्रकार मातेयकोने काढली. विस्प्यान्स्कीचा जन्मही त्याच वर्षीचा आणि मातेयको पुढे त्याचा गुरू. विस्प्यान्स्कीने १९००च्या सुमारास मुकुट घातलेली कवटी आणि राजवस्त्रांतला सांगाडा असा आराखडा केला. कॅथेड्रलमध्ये तो कधीच बसला नाही. काचेत उतरला तो विस्प्यान्स्कीच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, २००७ साली उघडलेल्या 'विस्प्यान्स्की २०००' या इमारतीत. फॉरवर्डमधला फोटो तिथलाच आहे. नाकारलं गेलेलं काम शंभर वर्षं दिमाखात उभं होतं म्हणणं म्हणजे त्या माणसाच्या वाट्याला आलेलं दुःखच पुसून टाकणं.

फ्रिबूरच्या खिडक्या यूझेफ मेहोफरच्या. तोही १८६९चा, तोही मातेयकोचा शिष्य, विस्प्यान्स्कीचा मित्र, त्यामुळे गल्लत समजण्यासारखी आहे. पण १८९५ची स्पर्धा मेहोफरने जिंकली आणि ते काम १९३६पर्यंत चाललं. विस्प्यान्स्की तर २८ नोव्हेंबर १९०७ रोजी, वयाच्या ३८व्या वर्षी गेला. सिफिलिसने, शिशाने नव्हे.

भाचीसाठी कृती अशी. काळ्या कार्डपेपरचे दोन ताव एकावर एक ठेवून एकदम कापायचे, रेषा निदान ५ मिलिमीटर रुंद ठेवायच्या. आकाशकंदिलाला लावतो तो जिलेटिन कागद प्रत्येक खिडकीपेक्षा ३ मिलिमीटर मोठा कापून दोन तावांच्या मधे चिकटवायचा. डिंक पातळ नको, जिलेटिन सुरकुततं.