चालत्या गाडीचं इंजिन उघडू देऊ नका, म्हणे!

सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला: "रिकॉल हा कंपन्यांचा धंदा आहे. गाडी व्यवस्थित चालत असेल तर इंजिनाला हात लावू देऊ नका. वॉरंटी संपली असेल तर वर बिल फाडतात. शिवाय रिकॉल झालेली गाडी विकायला काढली की भाव पडतो." खाली पंधरा अंगठे. म्हणून हे लिहितोय. रिकॉल म्हणजे बनवतानाचा दोष सापडला की कंपनीने त्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणं.

आधी "व्यवस्थित चालत असेल तर" हे बघू. 2015 मध्ये ह्युंदाईने अमेरिकेत 2011-12 च्या सुमारे 4 लाख 70 हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या. अमेरिकेतल्याच अलाबामातल्या कारखान्यात क्रँकशाफ्टचं (इंजिनातला फिरता मुख्य दांडा) मशिनिंग झाल्यावर धातूचा चुरा नीट साफ झाला नव्हता. तो चुरा ऑइलच्या वाटेत अडकायचा आणि कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा) बेअरिंगला ऑइल कमी पडायचं. बेअरिंग आतल्या आत झिजत राहायचं, गाडी मात्र पळत असायची. फार तर इंजिनातून खटखट ऐकू यायची, तीही रेडिओ बंद असला तर. मग एखाद्या दिवशी भर हायवेवर इंजिन बंद. चुरा कारखान्यातूनच आलेला, त्यामुळे वेळच्या वेळी ऑइल बदलणाराही सुटला नाही. तेव्हा गाडी आज चालते आहे, एवढ्यावरून आतलं बेअरिंग शाबूत आहे असं धरता येत नाही.

आणि "धंदा"? 2017 मध्ये याच इंजिनांसाठी ह्युंदाई आणि किया मिळून आणखी सुमारे 12 लाख गाड्या बोलवाव्या लागल्या. ह्युंदाईच्याच किम ग्वांग-हो या इंजिनिअरने या दोषाची माहिती अमेरिकी सरकारपर्यंत पोचवली होती. रिकॉलला उशीर केला म्हणून 2020 मध्ये अमेरिकेत दोन्ही कंपन्यांवर मिळून 21 कोटी डॉलरचा दंड ठरला. किमला पुढच्या वर्षी 2 कोटी 40 लाख डॉलरहून अधिक बक्षीस मिळालं. हौसेने रिकॉल करणारी कंपनी मी तरी पाहिलेली नाही.

आता वॉरंटी. होंडाने ऑक्टोबर 2024 मध्ये भारतात 90,468 गाड्या फ्युएल पंपासाठी बोलावल्या. पंपातल्या सदोष इम्पेलरमुळे (इंधन पुढे ढकलणारी फिरती चकती) इंजिन बंद पडण्याची किंवा सुरूच न होण्याची शक्यता होती. त्यात 2017-18 च्या गाड्याही होत्या, म्हणजे वॉरंटी कधीच संपलेल्या. पंप फुकट बदलून दिला. आपल्याकडे सरकारला मोटार वाहन कायद्याच्या कलम 110-अ खाली रिकॉलचा आदेश देता येतो, त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत. फक्त ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहेत, तेव्हा रिकॉलचं पत्र आलं तर ड्रॉवरमध्ये टाकून ठेवू नका.

मेसेजमागच्या संशयात थोडं तथ्य आहे, तेही कबूल करतो. 2025 मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेत 6.2 लिटर इंजिनाच्या जवळपास 6 लाख गाड्या बोलावल्या. तपासणीत नापास झालेल्या इंजिनाची दुरुस्ती किंवा बदली, पास झालेल्याला मात्र नुसतं जाड ऑइल, नवं फिल्टर आणि ऑइलचं नवं झाकण. यावर मालक कुरकुरले तर त्यांचं काय चुकलं? पण घरी बसून तेवढंही मिळत नाही. जा, काय तपासलं ते विचारा आणि जॉब कार्डवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) रिकॉलचं काम लिहून घ्या.

विकताना तेच जॉब कार्ड कामाला येतं. भाव पाडून मागायला गिऱ्हाईकाला निमित्त मिळतं ते न केलेल्या कामाचं.

सेकंड-हँड गाडी असेल तर पत्र कदाचित जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेलं असेल. आरसीवरचा 17 अक्षर-आकड्यांचा चॅसी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघा. मेसेजमधल्या लिंकवर नको. आणि इंजिनातून खटखट येत असेल किंवा ऑइलचा लाल दिवा लागला असेल, तर गाडी चालवत सर्व्हिस सेंटरला नेऊ नका, टोइंग मागवा.