आधी तपासा, मग बदला!
कसारा घाटात गाडी धापा टाकते, डॅशबोर्डवर 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा पेटतो आणि नाशिकला आलं की गॅरेजवाला स्कॅनर लावून लगेच म्हणतो, "ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) गेलाय, बदलून टाकू." अहो, स्कॅनरवर आलेला पी ०१७१ हा कोड एवढंच सांगतो की हवा जास्त, पेट्रोल कमी! मग इंजिनला जोडलेला व्हॅक्यूमचा रबरी पाइप बघा ना, तो फाटला की जादा हवा आत शिरते. जुन्या गाडीत रबर कडक होऊन चिरतं. जरा वाकवलं की भेग दिसते, इंजिन चालू असताना फुसफुस ऐकू येते. फ्युएल प्रेशर, म्हणजे पेट्रोल पुरेशा दाबाने येतंय का, तेही मोजा. पण नाही! कोड पुसायचा, बिल फाडायचं. चार दिवसांत नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये दिवा परत हजर. आणि दिवा लुकलुकत असताना "चालवा बिनधास्त" म्हणून सांगतात? लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसफायर, सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही; त्यामुळे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळाला तर त्याचे पैसे कोण देणार?