सावर पानं गाळते म्हणूनच तिचं पाणी टिकतं

नमस्कार. तुमचा आक्षेप आधी इथे उतरवतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. "काटेसावर खोडात पाणी साठवते हे लिहायला छान. साठा असता तर पौषात पानं कशाला गाळली असती? आमच्या आटपाडीत उन्हाळा काढतो तो कडुनिंब, मुळांच्या जिवावर. सगळा खेळ मुळांचा."

कडुनिंबाबद्दल वाद नाही, तो मुळांवरच तगतो. सावरीचा हिशेब वेगळा आहे.

लाकडातला भरीव भाग पाण्याच्या दीडपट जड असतो. सावरीचं वाळलेलं लाकूड लिटरला साधारण ३५० ग्रॅम भरतं. म्हणजे लिटरभर लाकडात भरीव भाग जेमतेम २३५ मिली, उरलेली जागा पाण्याला किंवा हवेला मोकळी. धावडा ९०० ग्रॅमच्या आसपास, त्यात मोकळी जागा ४०० मिलीच. एकाच्या आगपेटीच्या काड्या होतात आणि दुसऱ्याचे कुऱ्हाडीचे दांडे, ते उगाच नाही.

आता ४० सेंटीमीटर जाडीचं, ५ मीटर उंचीचं सरळ खोड धरा. त्यात फार तर पावणेपाचशे लिटर पाणी मावेल. भरपानातलं झाड दिवसाला ५० लिटर उडवतं असं मानलं, तर दहा दिवसांत खडखडाट! शिवाय खोडातलं सगळं पाणी वापरताही येत नाही. मादागास्करमधल्या गोरखचिंचांच्या भाऊबंदांवर झालेल्या अभ्यासात दिसलं, की तिथलं मऊ खोड ताठ राहायलाही ते पाणी लागतं. ती झाडं साठा वापरतात तो पावसाआधी पालवी फोडायला. पालवी फुटली तरी पाऊस येईपर्यंत पानांची रंध्रं बहुतांशी मिटलेलीच राहतात.

तेव्हा पानं पोसायला हा साठा नाहीच. पानं गेली की पाणी उडण्याची मुख्य वाट बंद होते, मग खोड भरलेलं राहतं आणि माघ-फाल्गुनात कोरड्या मुरमावरही सावर फुलते. घट्ट लाकडाच्या झाडांना कोरड्या जागी हे जमत नाही. ती आतून चांगलीच सुकतात आणि बहुधा वळीव झाल्यावरच फुटतात.

"सगळा खेळ मुळांचा" यावर माझं उत्तर पांगारा. कुंपणाला त्याची जाड फांदी तोडून रोवतात ना? तिला मुळी धरायच्या आधीच कोंब येतात. ते पाणी कुठलं? तुम्हीच सांगा.

सावरी लावल्या की गावचं पाणी वाढेल, असं मी कुठंही म्हटलेलं नाही. तो अर्थ तुम्ही काढलात.

आणि पडताळा घ्यायचा तर टेंभूच्या कालव्याकडेची झाडं नकोत. तिथं जमिनीतच ओल असते, त्यामुळे मूळ आणि खोड यांचा हिशेब एकमेकांत मिसळतो. खानापूरच्या घाटमाथ्यावर उघड्या मुरमातली सावर गाठा, आणि जवळपास धावडा असेल तर दोन्ही झाडं शिमग्याच्या सुमारास एकाच दिवशी बघा.